हसलेले अनारसे

आशय बाथरूममधून बाहेर पडला की मागोमाग प्रेमा आत शिरायची, हे आता घरात सगळ्यांना माहीत झालं होतं. बादली उचलून बघ, खिडकीच्या गजाबाहेर हात घालून चाचप, फ्लशच्या टाकीचं झाकण उघड, असा तिचा कार्यक्रम चालायचा. चेहरा मात्र असा, की साबणाची वडी संपली का तेवढंच बघायला आलेय. आजवर त्या टाकीत तिला गंजाशिवाय काही सापडलं नव्हतं. पण न सापडल्यानं जिचं समाधान होईल ती प्रेमा कसली! सापडत नाही म्हणजे पोरगं हुशार झालंय, असं ती धरून चालायची.

तिचं अगदीच चुकत होतं असंही नाही. गेल्या वर्षी बंगळूरच्या राजाजीनगरातल्या याच घरात खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या होत्या. त्याही कुठे, तर देवघराखालच्या कपाटात, समया आणि निरांजनांच्या मागे. पोराला खोकला नव्हता. कॉलेजातल्या मित्रांबरोबर गंमत म्हणून सुरू झालेलं ते औषध पुढे त्याला सकाळी डोळे उघडले की लागायला लागलं. त्यात अफूच्या जातीचं काहीतरी असतं, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं म्हणे. त्याच्या आईला ते सगळ्यात शेवटी कळलं. कुकरच्या वाफेवरून जिला डाळ लागल्याचं समजायचं, तिला पोटच्या पोराच्या तोंडाचा वास समजला नाही. हे तिला फार लागलं. आशयला तिनं माफ केलं असेल नसेल, स्वतःच्या नाकाला मात्र केलं नव्हतं.

मग देवनहळ्ळीच्या पलीकडच्या एका केंद्रात आशय काही महिने राहिला. नातेवाइकांना सांगितलं, निवासी क्लास लावलाय. धाकटा कुठे दिसत नाही म्हणून जावयानं, अमितनं, विचारलं तेव्हाही हेच सांगितलं. थोरल्या यशश्रीला खरं माहीत होतं, पण तिलाही प्रेमानं नवऱ्याजवळ बोलू नको म्हणून गळ घातली होती. लग्नाला दोन वर्षं होतायत, एवढ्यात सासरी आपली अब्रू कशाला टांगायची?

आशयला घरी पाठवताना केंद्रातल्या श्यामलाक्कांनी दोघा नवरा-बायकोला समोर बसवलं होतं. बाई बेळगावकडच्या, मुलांचं समुपदेशन करता करता केस पिकलेल्या. म्हणाल्या, "बघा वहिनी, पोरगं घरला आलं म्हणजे बरं झालं असं नसतंय. बरं होत राहायला लागतंय. तुम्ही तपासा की, नको कोण म्हणतंय? पण त्याच्यासमोर तपासा. चोरून खिसे बघायचे नाहीत. रविवारी सकाळी लघवीची पट्टी लावायची, तिघांनी मिळून बघायची. आणि पट्टी काय बी दाखवू दे, पोराला बोलायच्या आधी मला फोन करायचा. पट्टी बी चुकतीया कधी कधी."

प्रेमानं मान डोलावली होती. रविवारची पट्टी तिनं इमानानं पाळली, आणि उरलेले सगळे दिवस चोरून खिसे बघितले.

त्यात आशयचा तो फोन. रोज सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा तो फोन घेऊन मागच्या गॅलरीत जायचा आणि दबक्या आवाजात बोलायचा. फोन सुरू झाला की प्रेमा भांडी घासता घासता नळ बंद करायची, मिक्सर थांबवायची, श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. तरी हाती लागायचं ते एवढंच, "हां मगा... आज कठीण आहे... स्वल्प बरं वाटतंय... शनिवारी येतो." 'मगा' म्हणजे कन्नडात 'दोस्ता', आणि हा दोस्त म्हणजे नागराज. केंद्रातच भेटलेला, म्हणजे तोही त्याच वाटेनं गेलेला! शनिवारी हा पोरगा बस पकडून हेब्बाळला जायचा, तिथल्या तळ्याकाठी नागराजला आणि आणखी कुणाकुणाला भेटायला. काय करता तिथे, विचारलं तर म्हणायचा, "बोलतो." तळ्यावर जाऊन नुसतं बोलतं का कुणी?

"अहो, त्या नागराजचं लक्षण मला ठीक दिसत नाही," ती पद्माकरला म्हणायची.

पद्माकर सरकारी कारखान्यात धातूंची परीक्षा करणाऱ्या विभागात इंजिनिअर. तो पेपर खाली न घेताच म्हणायचा, "अगं, रविवारी नमुना पास होतोय ना? मग झालं."

असा सगळा कारभार चालू असताना अधिक महिना आला. तीन वर्षांनी एकदा येणारा, त्यातून यशश्रीच्या लग्नानंतरचा पहिलाच. जावयाला वाण द्यायचं म्हणजे तेहतीस अनारसे हवेत, मधोमध दिवा हवा, ताट तांब्याचं हवं. बंगळूरच्या दुकानात पुरणपोळीपासून चकलीपर्यंत सगळं विकत मिळतं, पण जावयाच्या वाणाचे अनारसे विकत आणण्याइतकी प्रेमा अजून बिघडली नव्हती. तिनं तांदूळ भिजत घातले, रोज पाणी बदललं, सावलीत सुकवले, दळले, गूळ घालून पीठ मुरायला ठेवलं. शुक्रवारी दुपारी तळणीला बसली.

आशय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन टेकला. "मी थापू का?" म्हणाला.

प्रेमानं आधी त्याचे डोळे बघितले, मग हात थरथरतायत का ते बघितलं, आणि मग पाट पुढे सरकवला. तो पाटावर खसखस जाड पसरायचा, त्यावर पिठाची गोळी थापायचा, आणि ती खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा तुपात सोडायची. पहिला घाणा सगळा हसला. तुपात पडल्या पडल्या अनारसे फिसकटले, त्यांचे तुकडे झाले. हसलेला अनारसा जावयाच्या ताटात चालत नाही.

"हे घे, तू खा," ती म्हणाली. त्यानं खाल्ले. पुढच्या घाण्यातले बिघडलेले खाल्ले, पाटावर उरलेली खसखस गुळाच्या पिठाला लावून तीही खाल्ली. शनिवारी उरलेलं पीठ तळलं, तेव्हा मागून घेतले. पूर्वी लहानपणी खायचा तसा बोटं चाटून खात होता. किती दिवसांनी प्रेमाला त्याच्याकडे बघताना संशय आला नाही. तिला रडूच यायला लागलं, तिनं ते तुपाच्या धुरावर घातलं.

रविवारी सकाळी पट्टी लावली.

पट्टीचं गणित उलटं असतं. दोन रेघा उमटल्या की पोरगं निर्मळ. एकच उमटली की ती वस्तू अंगात आहे. तिघं बेसिनपाशी उभे राहिले. वरची रेघ उमटली. खालची काही उमटेना. प्रेमानं चष्मा पुसला, पट्टी खिडकीशी नेली, तिरकी केली. खालची जागा पांढरी ती पांढरीच.

"दुसरी लाव," पद्माकर म्हणाला. त्याच्या कारखान्यात नमुना नापास झाला तर दुसरा घेतात. दुसरी लावली. तीही तशीच.

"मी काही घेतलं नाही," आशय म्हणाला.

"गेल्या वेळी पण हेच म्हणाला होतास."

"आई, शपथ. बाबा, तुम्ही तरी... श्यामलाक्कांना फोन लावा ना. त्या म्हणाल्या होत्या आधी..."

"लावू? आज लावू?" प्रेमाचा आवाज चढला आणि शेजारी ऐकतील म्हणून तिथेच खाली आला. "बारा वाजता अमितराव यायचेत वाणाला. त्यांच्यासमोर मी हे सगळं काढत बसू? काल तळ्यावर गेला होतास. दे तो फोन."

"फोन नको ना घेऊ. बाकी काय हवं ते घे."

असं म्हटल्यावर तर तिची खात्रीच पटली. फोन काढून घेतला तो आपल्या कपाटात, साड्यांच्या घडीत कोंबला. "उद्या सकाळी बॅग भरून केंद्रात. आज खोलीबाहेर यायचं नाही. ताप आलाय म्हणून सांगेन." आणि दारातून जाता जाता, तोंडून कधी जायला नको होतं ते गेलं, "तू नाही सुधारायचास, आशय. मला पहिल्यापासून माहीत होतं."

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला दुःखाबरोबर थोडं बरंही वाटलं. आपलं नाक या खेपेला चुकलं नाही, असं वाटलं. आईच्या मनात असलं काही येतं हे कुणी कबूल करत नाही, पण आलं होतं खरं. पद्माकरनं दोन्ही पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. नमुना दोनदा नापास झाला की त्याच्या लेखी विषय संपायचा.

बाराला यशश्री आणि अमित आले. अमित तिकडे विमानतळावर नोकरीला, विमान उडण्याआधी त्याची तपासणी करणाऱ्यांतला. सरळ, हसतमुख पोरगा. आशय कुठे म्हणाला, त्याला तापाचं सांगितलं. यशश्रीनं आईकडे बघितलं, आईनं नजर चुकवून समईची वात पुढे केली. ताट मांडलं, दिवा लावला, पद्माकरनं जावयाच्या हातावर पाणी सोडलं. सगळे अनारसे जाळीदार, एकसारखे, वर खसखस दाट. जेवणं झाली तरी अमितनं अनारशाला हात लावला नव्हता.

"एक तरी घ्या अमितराव. घरचं तूप आहे," प्रेमा म्हणाली.

"आई, खरं सांगू का, रागावू नका." अमित ओशाळला. "मी घरी नेईन, माझे आई-बाबा खातील. मला खसखस चालत नाही."

"का? ॲलर्जी?"

"नाही हो. आमच्याकडे कधीही बोलावतात आणि हातात बाटली देतात. नशापाणी करून विमानाला हात लावायचा नाही ना. खसखस खाल्ली असली तर लघवीत अफू दाखवते. आमच्यातल्या एकानं वाटीभर खसखशीचा हलवा खाल्ला आणि सापडला. मोठ्या लॅबमधून पुन्हा तपासून येईपर्यंत बिचारा घरी बसून होता. सगळे त्याच्याकडे असे बघायचे... खरं तर त्यानं काहीच केलं नव्हतं."

पद्माकरच्या हातातली वाटी ताटावर टेकली ती तशीच राहिली. त्यानं प्रेमाकडे बघितलं. प्रेमा ताटातल्या अनारशांकडे बघत होती. पाट तिनं पुढे केला होता. खा म्हणून तिनं सांगितलं होतं. सकाळी पट्टी तिनं धरली होती.

ती उठली आणि खोलीचं दार उघडलं. पलंगावर बॅग भरून ठेवलेली होती, चेन लावून, वर टॉवेलची घडी. आशय नव्हता. मागच्या गॅलरीचं दार नुसतं लोटलेलं होतं, आणि तिथून खाली जायला जिना होता.

तेवढ्यात कपाटातून, साड्यांच्या आतून, फोनची घरघर ऐकू आली. तिनं साड्या जमिनीवर ओढल्या. फोनवर नाव होतं नागराज. वर त्याचेच न उचललेले कितीतरी फोन.

नागराज कन्नडमध्ये बोलत होता आणि घाबरलेला होता. आंटी, आशय कुठे आहे, सकाळपासून उचलत नाही. आमचं ठरलेलं आहे, सकाळ-संध्याकाळ एकमेकांना फोन करायचा, आणि मन ओढायला लागलं तर पाऊल उचलायच्या आधी करायचा. मागच्या महिन्यात मी दुकानाच्या दारात उभा होतो, तेव्हा त्यानं मला अर्धा तास बोलण्यात धरून ठेवलं होतं. आज त्याचा फोन कुठे होता, आंटी?

"माझ्याकडे," प्रेमा म्हणाली.

बाहेरच्या खोलीत ती आली तेव्हा पद्माकर उभाच होता. "अमितराव," तो म्हणत होता, "आशयला ताप नाहीये. बसा, सगळं सांगतो." मग प्रेमाकडे वळून म्हणाला, "तू त्या मेडिकलकडे बघ. तो घरी आलाच तर मी इथे आहे." चपला घालताना प्रेमाच्या लक्षात आलं की जावयाला कळलं याचं तिला काहीसुद्धा वाटत नाहीये.

गेल्या वर्षी त्या बाटल्या जिथून यायच्या, ते मेडिकल तिला चांगलं माहीत होतं. बागेसमोरच्या गल्लीतलं, अर्धं शटर ओढून चालणारं. रेशमी साडी, डोक्यात गजरा, अशा अवतारात ती भर दुपारी रस्त्यानं जवळजवळ धावत होती आणि कानाला आशयचा फोन लावून श्यामलाक्कांना सांगत होती.

"अनारसे खाल्ला काय!" श्यामलाक्का म्हणाल्या. "अहो वहिनी, आमच्याकडं गसगसे पायस, खसखशीची खीर हो, खाऊन सापडलेली पोरं हायत की. म्हणून तर म्हणते आधी मला फोन करा. ओरडला काय त्याला?"

"हो."

"लई?"

"हो."

"बरं. आता सापडला की आधी तुमचं सांगा. मग त्याचं विचारा. आणि ही पट्टी आता चार दिवस लावू नका. खसखस गेली का औषध गेलं, तिला काय बी कळायचं नाही. चार दिवसांनी दोन्ही निघून गेलेलं असतंय."

आशय बागेत होता, मेडिकलच्या बरोबर समोरच्या बाकावर. मांडीवर खाकी कागदाची पिशवी. तिला बघून तो उठला नाही, पळाला नाही. प्रेमाला धाप लागली होती. ती शेजारी टेकली. येताना मनात जुळवलेलं सगळं विसरली.

"अनारशाची खसखस," ती म्हणाली. "त्यानं रेघ गेली. अमितरावांनी सांगितलं. तू काही घेतलं नव्हतंस. माझं चुकलं, आशू. मी बोलले ते फार वाईट बोलले."

तो म्हणाला, "म्हणजे मी खरं बोलत होतो."

"हो रे."

"तुला आत्ता कळलं. मला सकाळपासून माहीत होतं." त्याचा आवाज फुटला. "मला वाटलं, नाही घेतलं तरी घेतलंच म्हणणार असाल, तर मग..."

त्यानं पिशवी तिच्या हातात दिली. आत बाटली होती. प्रेमाचा अंगठा सवयीनं झाकणाकडे गेला. सील तुटलेलं होतं.

"उघडली," तो म्हणाला. "तोंडापर्यंत नेली. प्यायलो नाही. नागराजचा नंबर आठवत बसलो होतो. पाठ नाही ना केला कधी, फोनमध्येच असतो."

प्रेमानं बाटली उजेडाकडे धरली. औषध गळ्याच्या जरा खाली होतं. नवी बाटली इथपर्यंत भरलेली असते, की पार झाकणापर्यंत? तिला माहीत नव्हतं. तिनं आजवर फक्त रिकाम्या बाटल्या बघितल्या होत्या. तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. ते लाल होते, पण रडून आलेल्याचे असतातच. वास घ्यावा म्हटलं तर गजऱ्याचा मोगरा नाकात भरलेला.

"घरी जाऊन पट्टी लाव," आशय म्हणाला.

"पट्टीला आता काही कळणार नाही. चार दिवसांनी पण नाही."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मग तुला कसं कळणार?"

प्रेमाच्या मनात तो जुना संशयाचा किडा वळवळला. खरं बोलतोय? एक घोट तरी? कोण सांगणार? या एका दुपारचं तिला कधीच, कुणाकडूनही कळणार नव्हतं. शेजारी बसलेलं सतरा वर्षांचं पोर तिच्या तोंडाकडे बघत होतं, श्वास रोखून, आणि ती काय म्हणते यावर त्याचं सगळं अडलेलं होतं.

"तू सांगितलंस ना," ती म्हणाली. "म्हणून कळलं."

बोलून झाल्यावरही ते तिला पुरतं पटलं नव्हतं. पण बोलली होती, आणि मागे घेणार नव्हती. तिनं कमरेचा फोन काढून त्याच्या हातात ठेवला.

"नागराजला फोन कर. तो पोरगा सकाळपासून वाट बघतोय."

"आई, तू..."

"मी ही बाटली ओतून येते. मग घरी चल, जेवायचा राहिलायस."

बागेच्या कोपऱ्यात माळ्याचा नळ होता. प्रेमा बाटली घेऊन तिथे गेली आणि मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. चिकट लाल औषध मोरीत ओतायला लागली. मागे त्यानं फोन लावला होता. "हां मगा," तो म्हणाला, आणि मग नेहमीसारखा दबक्या आवाजात बोलायला लागला. प्रेमाचे कान आपोआप मागे वळले. तो काय बोलतोय ते ऐकू येऊ नये म्हणून तिनं नळ पूर्ण सोडला.